देवाची आणि घरची

आमच्या घरात दोन मुली होत्या, एक देवाची आणि एक घरची. मी घरची. हे कोणी मला रागाने सुनावत नसे. पाहुण्यांपुढे पानाचं तबक सरकवावं तितक्या सहज आमची आय सांगायची, "ही आग्नेस, ही देवाची. आन ही फिलू, ही घरची." मग पाहुणे आग्नेसच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि माझ्याकडे पाणी मागायचे. आम्ही जुळ्या. नाक, डोळे, केसांचा भोवरा, सगळं इतकं सारखं की बा बोटीवरून बऱ्याच दिवसांनी घरी आला की आधी आमचे हात बघायचा. ज्या हातांवर मिठाने चिरा पडलेल्या, ती मी. मऊ हातांची ती आग्नेस. तोंडावरून नाही, हातांवरून ओळखायचे आम्हाला.

झालं होतं असं की आमच्या आधी आयची बाळं जगत नव्हती. शेजाऱ्यांचा पाळणा घरात यायचा आणि रिकामाच परत जायचा. शेवटी तिने चर्चमध्ये मरियामाऊलीपुढे गुडघे टेकून नवस केला की पहिलं जे जगेल ते देवाला देईन, मुलगा झाला तर फादर, मुलगी झाली तर सिस्टर. आणि देवाने एकाऐवजी दोन दिली. आग्नेस आधी बाहेर आली, मी मागून. मागून म्हणजे किती, तर सुईण तिची नाळ कापून हात पुसायला वळली तेवढ्यात. तेवढ्यावरून तिला देव मिळाला आणि मला बोंबील. माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार? दुखायचं, आणि चांगलं दुखायचं. आता या वयात कशाला लपवू.

भाईंदरच्या किनाऱ्यावर उत्तनला आमचं घर मासळी सुकवायच्या खळ्याला लागूनच होतं. दार उघडलं की पुढ्यात बांबूंच्या वलांडी, त्यांच्यावर रांगेने लटकणारे बोंबील, खाली जमिनीवर पसरलेला जवळा, आणि दिवसभर कावळ्यांना हाकलणाऱ्या बायकांचे आवाज. मासळीच्या बोटी लागल्या की पाट्या उतरायच्या आणि आम्ही बायका-पोरी गोल बसून मासळी वेगळी करायचो. चांगली इकडे, सुकवायची तिकडे, आणि बारीक, तुटकी, कशातच न धरलेली ती एका ढिगात, खताला. बोंबील साफ केले की दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक असतात, पण बोटं फाडतात. वर मीठ. संध्याकाळी भाकरी मोडताना माझी बोटं अशी चरचरायची की कालवणात बुडवायची हिंमत होत नसे. आग्नेसला हे काम नव्हतं. देवाच्या वेदीपाशी जायचे हात, त्यांना मासळीचा वास नको, असं आयनेच ठरवलेलं. तिने वेदीवरची कापडं धुवायची, फुलं लावायची, लेस विणायची आणि शाळेचा अभ्यास करायचा. मी दुपारी खळ्यावरून यायचे तेव्हा ती ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत असायची, आणि त्या पांढऱ्या शुभ्र दोऱ्याकडे बघूनसुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सणाला आय फुगे तळायची. मैदा आणि अंड्याचं पीठ माडी घालून रात्रभर आंबवायचं, मग मुठीतून चेंडूएवढा गोळा तेलात सोडायचा, तो टम्म फुगून आपला आपण उलटा होतो. घाणा निघाला की पहिला फुगा आग्नेसचा. पहिला जन्म, पहिला फुगा. दुसरा माझा, तोही तेवढाच मोठा, तेवढाच गरम. चवीत काडीचा फरक नव्हता हे मलाही कळायचं. पण मला पहिला पाहिजे होता. एकदा मी आयला सरळ म्हटलं की आज मला आधी दे. ती झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, तिला खरंच कळलं नाही की या पोरीला काय झालंय. मग म्हणाली, अगं देवाच्या आधी कसं खाशील? आणि दर वेळी माझी मऊ हातांची बहीण तिचा फुगा अर्धा मोडून माझ्यापुढे धरायची. तेव्हा तर तिच्या झिंज्या धरून ओढाव्याशा वाटायच्या. चांगुलपणासुद्धा तिलाच परवडायचा.

आता यात गंमत अशी की सिस्टर व्हायची हौस आग्नेसला नव्हतीच, मला होती. तिला लग्नातला बेंजो आवडायचा. हळदीच्या घरून वाजप ऐकू आलं की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. रोझरीची माळ म्हणताना ती तिसऱ्या गूढापर्यंत, म्हणजे अर्ध्यावरच, पेंगायला लागायची आणि मी मात्र ताठ गुडघ्यांवर, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, जुन्या मिस्सातले लॅटिनचे राहिलेले तुकडेसुद्धा. उपासाच्या दिवसांत मासळी चालते, तरी मी दिवसभर तिला शिवूनही तोंडाला लावत नसे. मला वाटायचं, देव काय आंधळा आहे का. तो बघत असेल, एक पोर डुलक्या काढतेय आणि एक जागी आहे. कधीतरी तो आयला स्वप्नात येऊन सांगेल की बाई, तुझी चूक झाली, माझी ती नाही, माझी ही. आणि नुसतं सिस्टर होणं नव्हतं त्यात. त्या पांढऱ्या कपड्यात मी चर्चच्या पुढच्या बाकावर बसलेली, आय मागून बघतेय, आणि पाहुणे माझ्या डोक्यावर हात ठेवतायत, हे मी बोंबलाच्या जोड्या लावता लावता रोज बघत होते.

ही माझी मेहनत पाण्यात घालवली ती फादरनी. वसईकडचे होते, वयस्कर, बोलायला हळू. रविवारी मिस्सा झाल्यावर मोठ्या मुलामुलींना धर्मशिक्षण द्यायचे. त्या दिवशी त्यांनी देवाच्या निवडीचा विषय काढला. म्हणाले, देव माणसाला निवडतो ते जग घडवायच्या आधीपासून. आपण काही चांगलं केलं म्हणून नाही, वाईट केलं नाही म्हणूनही नाही. तेव्हा आपण होतोच कुठे काही करायला? तो निवडतो ते त्याच्या प्रेमातून, आणि म्हणून ज्याला निवडलं त्याने फुशारकी मारायचं कारण नाही. सगळी पोरं माना हलवत होती. मी उठून विचारलं, "फादर, मग आपण मेहनत करून ते मिळवायचं कसं?" ते म्हणाले, "मिळवायचं नसतं, फिलोमिना. मिळालेलं घ्यायचं असतं."

हे वाक्य मला जितकं लागलं तितकं आयचंही कधी लागलं नव्हतं. बघा ना, गुणांवर असतं तर मी आग्नेसला कुठल्या कुठे मागे टाकलं असतं. एखादीचे केस लांब म्हणून हेवा वाटला तर आपण तेल लावावं, एखादी हुशार म्हणून वाटला तर अभ्यास करावा. पण जे नुसतंच दिलेलं आहे, कशाबद्दलही नाही, त्याच्याशी भांडणार कुठून? मी पुन्हा विचारलं की मग ज्यांना निवडलं नाही त्यांचं काय होतं. फादर म्हणाले, एकाला निवडलं म्हणजे दुसऱ्याला टाकलं असं नसतं, देव कोणालाही टाकून देण्यासाठी घडवत नाही. माझा काही विश्वास बसला नाही. मी रोज खळ्यावर बसत होते. एक मासा उचलून पाटीत टाकला की उरलेल्यांचं काय होतं ते मला माहीत होतं.

आता मी भाईंदर पूर्वेला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते, समुद्राचा वारासुद्धा येत नाही इकडे. खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब आहे, तेही ख्रिस्ती, पण आमच्या चर्चचे नव्हेत, त्यांची सभा वेगळी. त्या बाईंशी लिफ्ट बंद असली की जिन्यात बसून माझं बोलणं होतं. त्यांचा पास्टर आमच्या फादरपेक्षा कडक. तो सांगतो, कोण तरणार आणि कोण नाही हे दोन्ही आधीच ठरलेलं आहे, एका अक्षराचा बदल व्हायचा नाही. मी त्यांना म्हटलं, बाई, तुमचा पास्टर आमच्या घरात वाढलेला दिसतोय. त्या हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, पण काकी, यात केवढा आधार आहे, आपल्या हातात काही नाही म्हणजे आपल्या हातून सुटायचंही काही नाही. खरं असेल. निवडलेल्यांना त्यात आधार वाटत असणारच. मी आपली गुडघे चोळत वर आले.

तर आग्नेसची शाळा संपली आणि तिची कॉन्व्हेंटमध्ये जायची तयारी सुरू झाली. पांढऱ्या साड्या नाहीत, अजून साधे कपडेच, पण नवे, आणि एक नवी पत्र्याची ट्रंक. मला त्या ट्रंकेचासुद्धा हेवा वाटला. जायच्या आठवड्यात आमची सुईण भिवराबाय तिला भेटायला आली. ती हिंदू कोळ्यांची, आमच्या जन्मानंतर मुलाकडे मोरव्याला राहायला गेलेली, त्यामुळे तिला आम्ही फार बघितलं नव्हतं. वांग्यांची पिशवी घेऊन आली, ओट्यावर टेकली आणि चहा पिता पिता विचारलं की कनची चालली. आयने आग्नेसला पुढे केलं, म्हणाली, ही पहिली, ही देवाची. भिवराबायने आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, कपड्याखाली झाकलेला जन्माचा तीळ कोणाच्या गळ्याशी आहे ते बघितलं आणि बशी खाली ठेवली.

"ही तं आधी भायेर आली," ती म्हणाली. "म्हंजे ही धाकटी. जी आधी पोटान जाते ती तलाला बसते आन मागून येते. थोरली ही दुसरी हाय."

जुळ्यांच्या बाबतीत जुन्या बायका असंच मानायच्या. पिशवीत आधी घातलेली वस्तू शेवटी निघते तसं. आयलाही ते माहीत असणार, पण आमच्या जन्माच्या आनंदात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि पुढे कोणी विषय काढला नाही. आता मात्र तिचा चेहरा उतरला. नवस चुकीचा फेडला तर तो न फेडल्यात जमा. देवाची वस्तू घरात ठेवली आणि घरची वस्तू देवाला दिली तर देव काय म्हणेल? बा म्हणाला, जाऊ दे गं, ठरलंय तसं होऊं दे. पण आय ऐकेना. आणि मी? माझ्या कानांत घंटा वाजत होत्या. देव आंधळा नव्हता. चूक आयची होती, सुरुवातीपासून माझंच नाव होतं.

पुढचे दोन-तीन दिवस आमच्या घरात जे झालं ते कोणी सांगून झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणाने दोनदा हात धुतले आणि ओट्यावर लेस घेऊन बसले. मला विणता येत नव्हतं, पण बसले. आणि आग्नेस उठली, माझं जुनं लुगडं कमरेला खोचलं आणि खळ्यावर जाऊन बायकांमध्ये बसली. तिला जबडे अडकवायची रीत माहीत नव्हती. तासाभरात तिची बोटं रक्ताळली. पण मी ओट्यावरून ऐकत होते, ती हसत होती. इतकी मोठ्याने हसताना मी तिला फक्त लग्नघरी पाहिलं होतं. आयने तिला थांबवलं नाही, मलाही उठवलं नाही. ती नुसती आत-बाहेर करत होती, एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे बघितलं की तिचे डोळे भरायचे आणि ती चुलीकडे वळायची. मला वाटलं, इतकी वर्षं हिच्यावर अन्याय केला म्हणून भरतात. मी मनात तिला माफसुद्धा करून टाकलं.

रविवारी आय आम्हा दोघींना घेऊन फादरकडे गेली. त्यांच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता, त्यावर मधे आय आणि दोन बाजूंना आम्ही. आयने सगळं सांगितलं, भिवराबायचं म्हणणंही सांगितलं. फादरनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, शास्त्रातही पोटातल्या जुळ्यांची गोष्ट आहे, आणि तिथेही थोरला कोण यावरून माणसांनी केवढा घोळ घातला. देव थोरली-धाकटी बघून चालत नाही. आणि दुसरं असं की तुम्ही नवस केलात तो तुमचा. आईच्या नवसाने मुलगी बांधली जात नाही. जिला जावंसं वाटतं ती जाईल, नाहीतर कोणीच जाणार नाही, आणि त्याने देवाचं काही बुडत नाही.

आयचा यावर विश्वास बसला नसावा. फादरनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, मी आजच निघायला तयार आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुला देव हवाय की आग्नेसची जागा? मी म्हटलं, फादर, आमच्या घरात देव त्याच जागेवर मिळतो. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, आईला सांभाळायला कोणी असेल तर तूही ये, बघू. मग त्यांनी आग्नेसला विचारलं. ती फाटलेल्या बोटांकडे बघत बसली होती. म्हणाली, आय काय म्हणते ते आधी ऐकू दे.

म्हणून सगळ्यांचे डोळे आयकडे गेले. थोरली मी आहे हे सिद्ध झालं होतं, फादर वाटेत येत नव्हते, माझी तयारी होती. एका शब्दाचं काम होतं. आयने पदराने तोंड पुसलं आणि फादरकडे न बघता, आमच्याकडेही न बघता, समोरच्या फरशीला सांगावं तसं म्हणाली, "आग्नेसला जाऊं दे. फिलू मना लागते. फिलूबिगर मी न्हाय राहू शकत."

आग्नेसने फाटलेली बोटं मुठीत मिटून घेतली. मग म्हणाली, "जाते मी." फादरनी तिला परत विचारलं, तुझ्या मनाने ना? ती म्हणाली, हो. आणि मी त्या बाकावर बसून रडले, रागाने. लागते म्हणे. लागणारच. बोंबील कोण सुकवणार, पाट्या कोण उचलणार, दोन घागरी पाणी कोण भरणार? देवाच्या दारात उभी राहून माझी आय मला कामाला ठेवून घेत होती, असं मला वाटलं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि पुढे बरेच दिवस बोलले नाही. तिने मला जेवायला वाढावं आणि मी ताट सरकवावं, असं चाललं होतं.

आग्नेसला सोडायला भाईंदर स्टेशनची बस पकडायची होती. बा ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे गेला, आय शेजारणींमध्ये उभी राहून रडत होती. मला जायचं नव्हतं, पण बाने हाक मारली म्हणून मी पिशवी घेऊन मागे चालत गेले. सगळं गाव आग्नेसच्या डोक्यावर हात ठेवत होतं, बायका म्हणत होत्या, किती नशिबाची, देवाने निवडली. मी तोंड वाकडं करून दुसरीकडे बघत होते. बस दिसली तशी आग्नेसने माझ्या हातातून पिशवी घेतली. तिच्या बोटांवरच्या जखमांना खपल्या धरल्या होत्या.

मी तिला म्हटलं, "जा बाई, जा. तुझी मजा आहे. तुला देवाने निवडलं."

ती म्हणाली, "ते मला लोकं सांगतात, फिलू. लहानपणापासून सगळे सांगतात. मी कधी ऐकलं न्हाय त्याला बोलताना." आणि मग तिचा आवाज फाटला. "तुला आयने निवडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तिच्या बाजूला बसून ऐकलं. मी असते ना तुझ्या जागी, तर देवाने बोलावलं असतं तरी गेले नसते."

बस सुटली. तिने खिडकीतून हात हलवला नाही. आज ती मोठी सिस्टर आहे, पोरींचं वसतिगृह सांभाळते, आणि देवाची हाक आपल्याला पुढे खरोखर आली असं ती सांगते, त्यावर माझा विश्वास आहे. आय शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिली, माझ्याच हातून पाणी पिऊन गेली. पण त्या दिवशी बसची धूळ बसेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं. आयने मला मागून घेतलं होतं, प्रत्यक्ष देवाकडून, आणि तेसुद्धा माझ्या आधी आग्नेसलाच कळलं होतं.